चांदा व गडचिरोली प्रांतांतील संशोधनाचा आश्रय

चांदा प्रांताच्या इतिहासाचीं साधनें कोणतीं व तीं कोठें आहेत, याविषयीं संशोधकांनीं आजवर पुष्कळ लिहिलें आहे. परंतु तीं साधनें शोधण्यास, उतरून घेण्यास व छापण्यास लागणारा पैसा, वेळ व अधिकार कोणीं पुरविला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ग्रंथाच्या प्रस्तावनेंतील अखेरच्या दोन ओळींत आभार मानले कीं तो मिटला, अशी समजूत आहे. आमच्या मतें हा प्रश्न इतका गौण नव्हे. ज्या कामास आश्रय मिळाला तें झालें, ज्यास मिळाला नाहीं तें राहिलें. आणि राहिलेल्या कामास पुढील पिढीनें ‘साधनें उपलब्ध नाहींत’ असें नांव दिलें. या प्रांतांत संशोधनास आश्रय देणारीं ठिकाणें कोणकोणतीं झालीं, प्रत्येकानें काय मिळवून दिलें व काय मागें ठेवलें, आणि आज गडचिरोलीस विद्यापीठ झाल्यावर जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकानें त्याच्या संशोधन-कचेरीपासून कशाची अपेक्षा करावी, इतकाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आरंभीं एक खुलासा केला पाहिजे. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं झाला. तत्पूर्वींच्या सर्व ग्रंथांत ‘चांदा’ म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मुख्यत्वें समजावयाचे. तसेंच हा मुलूख १९५६ पर्यंत मध्यप्रदेशांत, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. राज्य बदललें कीं दप्तराचें धनीपण बदलतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

१. महसूल कचेरीचा आश्रय

गोंड राजांचें चांद्याचें राज्य रघूजी भोसल्यांनीं १७५१ साली आपल्या राज्यास जोडलें. पुढें नागपूरचें राज्यच १८५४ साली इंग्रजांनीं खालसा केलें, व १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. नव्या सरकारास पहिली गरज पडली ती जमाबंदीची. त्या गरजेंतूनच या प्रांताचा पहिला सविस्तर इतिहास लिहिला गेला. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ चा आहे. गोंड राजघराण्याची परंपरागत वंशावळ त्यांत प्रथम व्यवस्थित नोंदली गेली. दुसऱ्याच वर्षीं ग्रँट यांचें मध्यप्रांताचें गॅझेटियर निघालें व १९०९ साली चांदा जिल्ह्याचें स्वतंत्र गॅझेटियर झालें. भीम बल्लाळसिंगापासून नीळकंठशहापर्यंतच्या ज्या नामावळी आज मराठी पुस्तकांत आढळतात, त्यांचा उगम बहुतेक येथेंच येऊन पोंचतो.

या आश्रयाचे गुण उघड आहेत. जमाबंदीच्या अधिकाऱ्यास गांवोगांव जावें लागे, त्याच्या पाठीशीं सरकारी अंमल असे, व अहवाल छापण्याचा खर्च खजिन्यांतून होई. परंतु त्याचे दोषही तितकेच उघड आहेत. जमीन, सारा व हक्कदार यांस उपयोगी पडेल तेंच त्याच्या नजरेस प्रथम पडावें, हें स्वाभाविक होतें. राजघराण्याची वंशावळ त्यांत आली, कारण जमीनदारांचे हक्क त्या घराण्याच्या देणग्यांवर उभे होते. गोंडी वा माडिया भाषेंतील कुळकथा, गोत्रांच्या स्थलांतराच्या आठवणी, देवस्थानांचीं गाणीं यांचा साऱ्याशीं संबंध नव्हता. म्हणून तीं राहिलीं. १८५८ च्या उठावाचें उदाहरण घ्यावें. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशी देण्यात आलें. या प्रकरणीं जें समकालीन लिखित साधन आहे तें मुख्यतः ज्यांनीं फांशी दिली त्यांच्या कचेरीचें आहे. दुसरी बाजू लोकांच्या तोंडीं राहिली, व ती लिहून घेण्याचा पगार त्या काळीं कोणासही मिळत नव्हता.

२. पुराणवस्तु खात्याचा आश्रय

दुसरा आश्रय पुराणवस्तु खात्याचा. जनरल कनिंगहॅम यांच्या १८७३ ते १८७५ च्या मध्यप्रांतांतील दौऱ्यांमुळें भांदक व मार्कंडा या स्थळांचीं वर्णनें प्रथम विद्वानांपुढें आलीं. वैनगंगेच्या कांठचें मार्कंडेश्वराचें देवालय महाशिवरात्रीच्या यात्रेमुळें लोकांस पूर्वींपासून ठाऊक होतेंच. खात्यामुळें तें शिल्पाभ्यासकांस ठाऊक झालें. कझिन्स यांनीं १८९७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडांतील प्राचीन अवशेषांची यादी प्रसिद्ध केली. भांदक येथें मिळालेला राष्ट्रकूट पहिला कृष्णराज याचा शके ६९४ (इ. स. ७७२) चा ताम्रपट डॉ. सुखटणकर यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या चवदाव्या खंडांत छापला.

या आश्रयाचें बल व त्याची मर्यादा हीं दोन्ही देवटेकच्या शिळेवरून फार चांगलीं समजतात. देवटेक हें नागभीड तालुक्यांतील लहानसें गांव. तेथील लेखयुक्त शिळा कनिंगहॅम यांनीं आपल्या १८७७ च्या अशोक-लेखसंग्रहांत घेतली. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तिचें फेरवाचन केलें व तिजवर दोन निरनिराळ्या काळांचे लेख असल्याचें दाखविलें: एक अशोककालाच्या सुमाराचा, प्राणिहिंसेस प्रतिबंध करणारा, व दुसरा वाकाटक पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा. एकाच दगडावर मौर्य व वाकाटक अशा दोन काळांची साक्ष सांपडल्यानें या अरण्यप्रदेशाचा प्राचीन इतिहास कित्येक शतकें मागें गेला.

येथें आम्हांस विद्वत्तेइतकेंच दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचें आहे. हें फेरवाचन नागपुरास झालें, कारण नागपुरास महाविद्यालय होतें, ग्रंथालय होतें, प्राध्यापकास नियमित वेतन होतें, व जेथें पुढें ही शिळा गेली तें १८६३ साली स्थापन झालेलें वस्तुसंग्रहालयही तेथेंच होतें. शिळा नागपुरास गेली म्हणून ती वांचली, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करितों. परंतु ज्या गांवची ती शिळा, त्या गांवच्या शाळेंत तिच्या ठशाची एखादी प्रत टांगावी, असा नियम त्या आश्रयांत नव्हता. वस्तु बाहेर गेली, ज्ञान ग्रंथांत गेलें, व गांवास त्यांतलें कांहींच परत आलें नाहीं. हीच रीत पुढें पडली.

३. विद्यापीठ व मंडळें

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालें व चांद्याच्या विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणाचें द्वार तेंच होतें. या काळांत इतिहाससंशोधनास मिळालेला आश्रय तीन प्रकारचा दिसतो. पहिला सरकारी नोकरीचा. रायबहादुर हिरालाल यांनीं नोकरी सांभाळून मध्यप्रांत व वऱ्हाडांतील लेखांची वर्णनात्मक सूची तयार केली. तिची पहिली आवृत्ति १९१६ ची व दुसरी १९३२ ची. दुसरा प्राध्यापकीचा. मिराशींच्या आयुष्यभराच्या परिश्रमाचें फळ असा वाकाटक लेखसंग्रह १९६३ साली निघाला. तिसरा स्वतःच्या पदरचा व मित्रमंडळींचा. या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ चा, व विदर्भ संशोधन मंडळाची नागपुरांत स्थापनाही त्याच वर्षाची. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें १९१० पासून वर्गणी, दान व स्वयंसेवा यांवर दप्तरें वांचविण्याचा जो पायंडा पाडला, त्याच्याच जातीचें हें काम होय.

मोठें खासगी दान विद्यापीठास मिळालें नाहीं असें नाहीं. कामठीचे रावबहादुर लक्ष्मीनारायण १९३० साली वारले. त्यांनीं मृत्युपत्रानें विद्यापीठास दिलेल्या मोठ्या संपत्तींतून १९४२ साली त्यांच्या नांवाची तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली. दात्यानें हेतु स्पष्ट सांगितला होता व त्याप्रमाणें घडलें. दानाचा उपयोग असाच व्हावा. आम्हांस त्यावरून एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, ज्या विषयास दाता मिळतो त्यास इमारत मिळते. मोडी रुमालांस असा दाता क्वचित् मिळाला.

४. गडचिरोलीचें विद्यापीठ व आजची अनुदान-पद्धति

२०११ साली नागपूर विद्यापीठाचें विभाजन होऊन गडचिरोली येथें गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें. चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे हेंच त्याचें कार्यक्षेत्र. जुन्या चांद्याच्या भूमीचें विद्यापीठ त्याच भूमींत प्रथमच झालें, ही गोष्ट आमच्या दृष्टीनें मोठी आहे. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साह्यानें तेथें चालविलेल्या विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्राचें उदाहरण पाहिलें म्हणजे स्थानिक वस्तूंवर, स्थानिक गरजेसाठीं संशोधन करण्याचा हेतु त्या विद्यापीठानें प्रथमपासून धरला होता, हें दिसून येतें.

आतां संग्राहक वाचकांसाठीं आजच्या अनुदानाची रीत थोडक्यांत सांगतों. कारण आमच्यापैकीं अनेकजण तिला भिऊन दूर राहतात. १९५३ साली विद्यापीठ अनुदान आयोग स्थापन झाला व १९५६ च्या कायद्यानें त्यास अधिकार मिळाला. त्या कायद्याच्या कलम २ (फ) खालीं विद्यापीठ यादींत येतें, व १२ (ब) खालीं पात्र ठरल्यावर त्यास केंद्राचें अनुदान मिळण्याचा मार्ग मोकळा होतो. इतिहासासाठीं १९७२ सालची भारतीय इतिहास अनुसंधान परिषद व समाजशास्त्रांसाठीं १९६९ सालची सामाजिक विज्ञान परिषद आहे. हस्तलिखितांसाठीं २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपि मिशन निघालें, व २०२५ च्या अर्थसंकल्पांत ‘ज्ञानभारतम्’ या नांवानें एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदणी-जतनाची योजना जाहीर झाली. एकूण संशोधनासाठीं २०२३ च्या कायद्यानें राष्ट्रीय अनुसंधान प्रतिष्ठान स्थापन झालें.

विद्यापीठांतील व्यवस्था अशी. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानें संशोधन मंडळाची तरतूद केली आहे. अनुदान आयोगानें २०२२ साली उच्च शिक्षणसंस्थांत संशोधन व विकास कक्ष स्थापण्याविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या. अशा कक्षाचें काम पुढीलप्रमाणें चालावयाचें: कोणत्या संस्थेनें अर्ज मागविले आहेत तें अध्यापकांस कळविणें, प्रस्ताव लिहिण्यास साह्य करणें, प्रवास, साहित्य, साहाय्यकाचें वेतन, किरकोळ खर्च असे अंदाजपत्रकाचे रकाने भरून घेणें, मंजुरी आल्यावर पहिला हप्ता खात्यांत जमा करून घेणें, खर्च ठरलेल्या कामींच झाला असें उपयोगिता प्रमाणपत्र व हिशेबतपासनीसाची सही पाठविणें, आणि अखेरीस अहवाल दाखल करणें. विद्यार्थ्यांसाठीं ‘आविष्कार’ हें आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन आहे, व त्यांत भाषा व मानव्यविद्या यांचाही विभाग असतो. पीएच्. डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारांत ठेविले जातात, त्यामुळें गडचिरोलींत लिहिलेला प्रबंध पुण्यांत वाचतां येतो. पूर्वीं एकच हस्तलिखित प्रत विद्यापीठाच्या कपाटांत पडून राही. त्या मानानें ही मोठीच सोय म्हटली पाहिजे.

५. एक अनुभव

रीत चांगली असूनही काम कोठें अडतें, हें सांगण्यास आम्हांस आमचाच एक अनुभव दिला पाहिजे. वैनगंगेच्या खोऱ्यांतील एका जुन्या मालगुजारी घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग आम्हांस आला. दप्तर म्हणजे सागवानी पेटींतील सात रुमाल. त्यांतील दोहोंस वाळवी लागलेली. मालकांची अट एकच, कीं कागद घराबाहेर जाऊं नये. अट रास्त होती. पूर्वीं नेलेले कागद परत न आल्याचा अनुभव त्यांच्या वडिलांस होता. आम्हीं एका विद्यापीठाच्या कचेरींत (तें या दोन जिल्ह्यांतील नव्हे, व त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) लहानसा प्रस्ताव दिला. आम्हांस हवें होतें तें इतकेंच: छायाचित्रें घेणाऱ्याचा प्रवासखर्च, मोडी वाचणाऱ्या वृद्ध कारकुनाचें मानधन, कापराच्या वड्या, नवीं फडकीं व एक लोखंडी पेटी. प्रस्ताव परत आला. मोडीवाचक पदवीधर नसल्यानें त्याचें मानधन कोणत्याही रकान्यांत बसत नव्हतें. आणि खासगी मालकीच्या कागदांसाठीं पेटी घेऊन दिल्यास ती विद्यापीठाच्या जडसंग्रहाच्या वहींत कशी दाखवावी, हा प्रश्न सुटला नाहीं. कचेरींतील मंडळींनीं दुष्टपणा केला असें आम्ही म्हणत नाहीं. नियम प्रयोगशाळेसाठीं केलेले होते, आणि आमची प्रयोगशाळा दुसऱ्याच्या माजघरांत होती.

पुढें आम्हीं पदरमोड करून चार रुमालांचीं छायाचित्रें घेतलीं. तोंवर एक पावसाळा गेला होता, आणि वाळवीच्या दोन रुमालांपैकीं एकांतून मातीखेरीज कांहीं निघालें नाहीं.

परंतु याहून मोठी चूक आमची स्वतःची होती, ती येथें लपविणें योग्य होणार नाहीं. आम्ही गोंड राजांच्या सनदेच्या शोधांत होतों. रुमाल सोडतांना वाजिब-उल-अर्जाची, म्हणजे जमाबंदीच्या वेळीं लिहिलेल्या गांवच्या वहिवाटपत्राची, एक नक्कल निघाली. ती सरकारी कागदाची साधी नक्कल म्हणून आम्हीं बाजूस ठेवली व तिचें छायाचित्रही घेतलें नाहीं. सायंकाळीं त्या गांवच्या ग्रामसभेचा एक तरुण आला व त्यानें विचारलें, “निस्ताराचा कांहीं कागद निघाला का?” जंगलांतून जळण, बांबू, गवत, मोह आणण्याची गांवची वहिवाट ज्यांत लिहिली आहे, तोच कागद त्यास हवा होता. आम्हीं सकाळीं बाजूस सारलेला गठ्ठा पुन्हां सोडला.

६. कागदाचें आजचें मोल

त्या तरुणाचा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांस मान्यता देणारा कायदा २००६ चा, व त्याचे नियम २००८ चे. दाव्याच्या पुष्ट्यर्थ कोणता पुरावा चालेल, याची यादी त्या नियमांत आहे. तींत गॅझेटियरें, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, जुन्या राज्यांच्या व प्रांतांच्या वेळचे हक्कलेख, वंशावळी व वडीलधाऱ्यांचे जबाब हीं सर्व येतात. इतकेंच नव्हे, तर नामांकित संस्थांनीं केलेला रूढींचा अभ्यासही त्यांत येतो. जे आदिवासी नाहींत अशा वननिवासींस तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वस्ती व वनावलंबन दाखवावें लागतें. गमतीची गोष्ट अशी कीं, १९७२ च्या पुराणवस्तु कायद्यांतही ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितास ‘पुराणवस्तु’ ठरविण्याची मर्यादा पंचाहत्तर वर्षांचीच आहे. एकाच वयाचा कागद संग्राहकाच्या हातीं पुराणवस्तु ठरतो व गांवकऱ्याच्या हातीं हक्काचा पुरावा.

धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवाचें उदाहरण सर्वश्रुत आहे. २००९ साली त्या ग्रामसभेस सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मान्य झाला. त्या गांवानें त्याच्या कितीतरी आधीं अभ्यासगट चालवून कायदे, कागद व जंगल यांचा स्वतः अभ्यास केला होता. त्यांच्यापाशीं कचेरी नव्हती, रकाने नव्हते. प्रश्न मात्र त्यांचा स्वतःचा होता. संशोधनाचा खरा आश्रय येथपासून सुरू होतो, असें आमचें मत झालें आहे.

अहेरीसारख्या मोठ्या व इतर लहान जमीनदाऱ्या ३१ मार्च १९५१ पासून संपुष्टांत आल्या. जमीनदारी गेल्यावर तिच्या कागदांचें व्यावहारिक प्रयोजन संपलें असें घरोघरीं समजलें गेलें. कांहीं कागद सरकारदप्तरीं गेले, कांहीं वांटणींत विभागले, कांहीं चुलींत गेले. जे उरले आहेत त्यांस आतां पुन्हां प्रयोजन आलें आहे. मात्र तें ओळखणारा माणूस वाळवीच्या आधीं पोंचला पाहिजे.

७. सूचना

वरील विवेचनावरून आम्ही चार सूचना विद्यापीठांच्या संशोधन-कचेऱ्यांपुढें व वाचकांपुढें नम्रपणें ठेवितों.

पहिली. मोठ्या प्रकल्पांबरोबर अगदीं लहान रकमेचें व लवकर मंजूर होणारें ‘तातडीचें जतन-अनुदान’ असावें. दप्तरास पावसाळा लागतो. समितीच्या बैठकीसाठीं तो थांबत नाहीं.

दुसरी. मोडीवाचक, गोंडी-माडिया जाणणारा दुभाषी व गांवचा वडीलधारा माहितगार यांच्या मानधनाचा रकाना अंदाजपत्रकांत स्पष्टपणें असावा. पदवी नसली तरी त्यांच्यावांचून हें काम होत नाहीं.

तिसरी. अनुदानाच्या अटींतच असें असावें कीं, मूळ कागद मालकापाशीं राहील, व प्रत्येक छायाचित्राची एक प्रत मालकास, एक ग्रामसभेस व एक विद्यापीठाच्या ग्रंथालयास मिळेल. देवटेकच्या शिळेबाबत जें राहिलें तें पुढें राहूं नये.

चवथी आम्हां संग्राहकांस. आपल्या संग्रहांतील कागदांची यादी करितांना सनदा व राजपत्रें यांखालीं ‘किरकोळ’ असा जो वर्ग आपण करितों, तो पुन्हां उघडून पाहावा. निस्तारपत्रकें, वहिवाटपत्रें, गांवनकाशे, बाजाराच्या वसुलीच्या याद्या, वेठीचे हिशेब हीं सर्व बहुधा त्याच वर्गांत पडलेलीं असतात. ज्या गांवाचा कागद असेल त्या गांवास निदान त्याची वर्दी द्यावी.

महसूल कचेरीनें वंशावळ दिली, पुराणवस्तु खात्यानें शिळा व ताम्रपट दिले, नागपूर विद्यापीठानें व मंडळांनीं त्यांचें वाचन दिलें. त्या त्या आश्रयाचें ऋण आम्ही मानतों. गडचिरोलीच्या विद्यापीठाच्या वांट्यास आलेलें काम यांहून निराळें आहे: ज्यांचा इतिहास त्यांच्याच दारीं बसून तो लिहिण्यास साह्य करणें, व लिहिलेलें त्यांच्या हातीं परत देणें. वर सांगितलेल्या वहिवाटपत्राच्या नकलेचें छायाचित्र आम्हीं त्याच रात्रीं कंदिलाच्या उजेडांत घेतलें. एक प्रत ग्रामसभेस दिली आहे, व एक आमच्या संग्रहांत आहे. ज्या अभ्यासकांस ती पाहावयाची असेल त्यांस ती मालकांच्या संमतीनें केव्हांही दाखवूं. सनद मात्र अद्याप मिळालेली नाहीं.